साठ मीटरवरचं पोट

औषधांच्या दुकानात काउंटरमागे मी तेवीस वर्षं उभी आहे आणि त्या अनुभवावर सांगते, बद्धकोष्ठ कुणालाही स्वतःला होत नाही. ते नेहमी मित्राला होतं. गिऱ्हाईक येतं, आधी खोकल्याच्या गोळ्या मागतं, मग उगाच कंगवे बघतं, दुकानात दुसरं कुणी नाही ना याची खात्री करून घेतं आणि काउंटरवर वाकून म्हणतं, "ताई, माझ्या एका मित्राला जरा... चार दिवस झाले." आमच्या भागात माणसं एकमेकांना इतका जीव लावतात, हे रस्त्यावर बघून कुणाला खरं वाटणार नाही.

मी हसत नाही. मित्राचं वय विचारते, मित्र पाणी किती पितो, कळा येतात का, रक्त पडतं का, दुसरी काही औषधं चालू आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला मित्र गळून पडतो आणि समोरचा माणूस 'मला' वर येतो. मग मात्र तो काही हातचं राखत नाही. डॉक्टरपुढे लाजणारी, बायकोपुढे मूग गिळून बसणारी माणसं माझ्यापुढे घडाघडा बोलतात. पांढऱ्या कोटाची ती किमया असावी, माझ्या स्वभावाची तर खासच नाही.

मग मी त्यांना समजावते. इसबगोलाचा भुसा पाणी पिऊन फुगतो, मऊ गोळा तयार करतो, म्हणजे आतड्याला ढकलायला काहीतरी हाती लागतं. पण एका चमच्याला एक मोठा पेला पाणी पाहिजेच. पाण्यात कालवायची पावडर असते, गोड सिरप असतं. ती आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि कडक झालेलं भिजवतात, त्यांना दोन-तीन दिवस द्यावे लागतात. सोनामुखीच्या गोळ्या आणि एरंडेल यांचा स्वभाव वेगळा. ती आळसावलेल्या आतड्याला चिमटे काढून उठवतात. गोळ्या रात्री घेतल्या तर सकाळी निकाल, एरंडेलाला तेवढाही धीर नसतो. आणि अगदीच घोडं अडलं तर खालून ठेवायची गोळी, जिच्याबद्दल ऐकताना गिऱ्हाईक हमखास छताकडे बघतं.

तर असा माझा अधिकार. अर्ध्या गावाची पोटं मला पाठ आहेत. आणि माझ्या स्वतःच्या घरात काय चाललंय, त्याचा मला नऊ दिवस पत्ता नव्हता.

आमचे हे क्रेन चालवतात. रस्त्यावर फिरते ती नव्हे, बांधकामावर मनोऱ्यासारखी उभी असते ती. साठ मीटर उंचीवर काचेची केबिन, त्यात एक खुर्ची, दोन दांडे, एक वॉकीटॉकी आणि हे. शिडीनं चढायला बारा मिनिटं, उतरायला दहा. वर संडास नाही. लघवीला एक बाटली असते, तिची मी कधी चौकशी केली नाही.

एकतीस वर्षांपूर्वी हे कामाला लागले तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता, वर जायचं तर कोरडं जायचं. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर हे पाण्याला शिवत नाहीत. सकाळी एक उकडलेलं अंडं, पावाचे दोन तुकडे, अर्धा कप कॉफी. दुपारी जेवायला उतरले की दोन घोट, तेही तोंड ओलं करण्यापुरते. लग्नानंतर पहिले सहा महिने मी त्यावरून रोज भांडले. मग थकले. त्यांच्या पोटानं बुधवार आणि रविवार असे दोन वार ठरवून घेतले होते. त्या दिवशी हे वर्तमानपत्राच्या सगळ्या पुरवण्या घेऊन आत बसत. घरात आम्ही त्याला 'सभा' म्हणायचो. त्या महिन्यात ओळीनं दोन सभा निकालाविना बरखास्त झाल्या, आणि मी दुकानात मित्रांची चौकशी करण्यात इतकी गुंतले होते की माझ्या ते लक्षातच आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी हे घरी आले, बुटाची नाडी सोडायला वाकले आणि अर्ध्यातूनच सरळ झाले. मी डबा काढायला त्यांची पिशवी उघडली. डब्याखाली इसबगोलाचं खोकं होतं, आणि त्यावर चौकातल्या दुसऱ्या दुकानाचं लेबल.

"हे काय?"

"काय?"

"हे खोकं."

हे बुटांकडे बघत म्हणाले, "ते होय? मित्राचं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस वर्षं जे वाक्य मी परक्या तोंडांतून ऐकलं, ते माझ्या नवऱ्यानं माझ्याच स्वयंपाकघरात मला ऐकवावं!

"मित्र घेतो कसं ते?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"कसं म्हणजे? दोन चमचे तोंडात टाकतो. सकाळी, चढायच्या आधी. नऊ दिवस झाले पोट साफ नाही, पाच दिवस हेच चाललंय."

"आणि पाणी?"

"चढायच्या आधी पाणी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच वेड लागलंय.

मी कपाळाला हात लावला. नऊ दिवस! आणि त्यातले पाच दिवस हा माणूस कोरड्या भुशाची फक्की मारत होता.

"अहो, तो भुसा पाण्यावर फुगतो. तुम्ही पाणी दिलं नाहीत, म्हणून आत होतं तेवढं त्यानं शोषून घेतलं. पोटात स्लॅब टाकलात तुम्ही, स्लॅब!"

"स्लॅबला पाणी मारावं लागतं," हे गंभीरपणे म्हणाले. "नाहीतर तडे जातात."

उलटी नाही, ताप नाही, वारा सरतोय, पोट टम्म नाही, हे सगळं तपासून झाल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला आणि लगेच राग परत आला. "त्या चौकातल्या दुकानात जाऊन सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं?"

हे कॅलेंडरजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी तुळई चढवायचीय."

ते मला माहीत होतं. एका मोठ्या इस्पितळाची इमारत उभी राहत होती आणि छताची मुख्य लोखंडी तुळई, नऊ टनांची, गुरुवारी दहाला वर जायची होती. त्या कामावरची सगळ्यात जड वस्तू. पण बाकीचं मला माहीत नव्हतं. कंपनी पुढच्या महिन्यात रिमोट बसवणार होती, म्हणजे क्रेन खाली उभं राहून चालवायची. धाकटा ऑपरेटर ते शिकून आला होता. तोवर ज्या जुन्या ऑपरेटरला डॉक्टर एकदा 'अनफिट' म्हणेल, त्याला खाली उतरवायचं ते कायमचं. यांच्याबरोबरचे एक जण असेच उतरले होते आणि आता गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास तपासत होते.

"पोटाचं तुला सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?" यांनी विचारलं.

"उतरा म्हणाले असते."

"म्हणूनच."

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि त्यांची भीती खरी होती, त्याचंही वाईट वाटलं. जमिनीवर हा माणूस भाजी घ्यायलासुद्धा मला विचारतो. वर गेला की त्याला कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि ते सुख त्याच्या चेहऱ्यावर घरी येईपर्यंत टिकतं.

तर मग गुरुवारपर्यंत पोट मोकळं करायचं. हातात अडीच दिवस. भुशाचं खोकं मी माझ्या ताब्यात घेतलं आणि भिजवणारी पावडर आणली. "रोज ही, आणि दिवसाला आठ पेले पाणी. गोळ्या नाहीत. एरंडेल नाही. पुढचं दार बंद असताना मागून रेटा दिला तर मधल्यांचा जीव जातो. आधी भिजू दे." यांनी मान हलवली. इथे मी चुकले. यांची मान कुणाच्याही बोलण्याला हलते. कामावर त्यांना एकाच माणसाचा हुकूम ऐकायची सवय आहे, खाली उभ्या राहणाऱ्या सिग्नलवाल्याचा. घरात आवाज करणारे तिघंचौघं निघाले, तर हे बिचारे प्रत्येकाला 'हो' म्हणतात.

मंगळवारी पाणी पोटात गेलं, वर केबिनमध्येही पाण्याच्या दोन बाटल्या गेल्या. बुधवारी पोटात गुडगुड सुरू झाली. बुधवारची सभा भरली, पण कामकाज झालं नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला कंपनीच्या डॉक्टरनं रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली आणि विचारलं, "बाकी सगळं ठीक?" हे म्हणाले, "फर्स्ट क्लास." मला फोन आला, "पास." मी दुकानात गेले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या सासूबाई दुकानात आल्या आणि काउंटरवर एक रिकामी बाटली ठेवली.

"अशीच आणखी एक दे."

बाटली एरंडेलाची होती.

"आई, कुणाला दिलंत हे?"

"कुणाला म्हणजे? त्याला! भिंतीपलीकडून ऐकते ना मी सगळं. बारा दिवस त्यानं संडासात पाणी ओतल्याचा आवाज नाही. तुझ्या त्या पावडरनं काय होतंय? सकाळी सहाला कॉफीतून दिले दोन मोठे चमचे. शहाण्यासारखा प्यायला हो, तोंड वाकडं केलं नाही."

मी हातातली गोळ्यांची पट्टी टाकली आणि सिग्नलवाल्याला फोन लावला. सगळं काम त्याला शिट्टी म्हणून ओळखतं, कारण वॉकीटॉकी येण्याआधीपासून तो या धंद्यात आहे. मी काही विचारायच्या आतच तो उत्साहानं म्हणाला, "वहिनी, बिलकुल काळजी करू नका! वरून कण्हण्याचे आवाज येतात, आम्हाला काय कळत नाही? काल रात्री दहाला जालीम गोळ्या दिल्यात. मी दोन सांगितल्या होत्या, ते म्हणाले तीन घेतो."

रात्री दहाच्या गोळ्या, बारा तास. सकाळी सहाचं एरंडेल, चार तास. माझी पावडर, आज तिसरा दिवस. इतकं सोपं गणित मी आयुष्यात इतकी घाबरून कधी केलं नव्हतं. तिन्ही औषधं दहा वाजताच्या ठोक्याला एकाच दारात येऊन उभी राहणार होती, आणि त्याच ठोक्याला नऊ टन लोखंड जमीन सोडणार होतं.

"मला जरा जायला हवं," मी मालकांना म्हटलं. "एका मित्राची अडचण आहे."

पांढऱ्या कोटातच पळत निघाले. गेटवर पासवाले जुने ऑपरेटर आडवे आले. मी एवढंच म्हटलं, "यांचं पोट," आणि त्यांनी न बोलता स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं.

दहाला पाच मिनिटं कमी होती. तुळईला साखळ्या लागल्या होत्या. तिच्या दोन टोकांना दोर बांधून अकरा माणसं ती फिरू नये म्हणून धरून उभी होती. शिट्टी वॉकीटॉकी घेऊन मधोमध. मला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरला.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"नाही हो. दहा मिनिटं झाली, नुसतं हं हं करतायत." तेवढ्यात त्याच्या हातातल्या यंत्रातून एक लांब, थरथरता सुस्कारा आला.

"त्यांना खाली बोलवा."

"वहिनी, साहेब तिथे उभे आहेत," शिट्टी कुजबुजला. "बोलावलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की खलास. उद्यापासून गेटवर."

मी वर पाहिलं. काचेची एवढीशी केबिन, आतलं माणूस दिसतसुद्धा नव्हतं. त्यांना तिथे राहायचं होतं, आणि खरं सांगते, मलाही ते तिथेच हवे होते. पण दुकानात मी कळ आलेली माणसं पाहिली आहेत. हातातली नाणी सांडतात, काउंटर धरून दुमडतात, काही सेकंद त्यांना आपण कुठे आहोत तेही कळत नाही. त्या काही सेकंदांत यांच्या हातात दांडा असणार होता आणि तुळईखाली ती अकरा माणसं.

साहेबांनी हात वर केला. शिट्टीनं 'उचला' म्हटलं. साखळ्या ताठ झाल्या आणि तुळई जमिनीपासून वीतभर उचलली गेली.

क्रेनवाला फक्त सिग्नलवाल्याचं ऐकतो, याला एकच अपवाद आहे. 'थांब' कुणीही म्हणू शकतं. साहेब म्हणोत, झाडूवाली म्हणो, रस्त्यानं जाणारा म्हणो, थांबायचंच. मी शिट्टीच्या हातातून वॉकीटॉकी घेतला आणि बटण दाबलं.

"थांबा."

तुळई जागच्या जागी थांबली. सगळ्या कामावर एकच चॅनल चालतो, त्यामुळे शंभर माणसांनी माना वळवल्या. वरून आवाज आला, "कोण?"

"मी." मी पुन्हा बटण दाबलं. "उतरा."

मी कारण सांगितलं नाही. माझ्या तोंडून ते निघालं नसतं. साहेब लाल होऊन माझ्याकडे धावत येत होते. यंत्र खरखरलं आणि हे बोलले.

"साहेब, माझं बारा दिवस पोट साफ नाही. काल रात्री तीन गोळ्या घेतल्या. सकाळी आईचं एरंडेल. बायकोची पावडर वेगळी. आता काही माझ्या हातात नाही. तुळई खाली ठेवतोय आणि उतरतोय."

तुळई हळुवार जमिनीवर टेकली. कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं. मग पासवाले गेटवरून ओरडले, "अरे हसता काय, शिडी मोकळी करा!" आणि सगळी माणसं एकदम कामाला लागली. शिडीपासून संडासापर्यंत वाटेतल्या सळया उचलल्या, बादल्या हलवल्या, दोघांनी जाऊन आधीच दार धरून ठेवलं. हे उतरत होते. तीनदा मधेच थांबले. दर वेळी ते थांबले की खाली शंभर माणसं श्वास रोखून उभी, आणि पाय हलला की सगळ्यांचा निःश्वास. जमिनीला पाय लागल्यावर मात्र ते पळाले नाहीत. एकेक पाऊल मोजून, मान ताठ ठेवून, कुणाकडेही न बघता गेले. दार लागलं.

"धाकट्या!" साहेब गरजले. "चढ वर. तू चढव तुळई."

धाकटा ऑपरेटर, तिशीच्या आतला, दंडाला बेडक्या असलेला, शिडीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"साहेब, मलाही आज पाचवा दिवस आहे," तो म्हणाला. "ताई, त्यांनी पावडर कुठली घेतली?"

"अरे, तू तर रिमोट शिकलायस!"

"रिमोट अजून आलाय कुठे, साहेब? मीपण वर कोरडाच जातो."

तेवढ्यात विटा वाहणारी एक बाई पुढे आली. तिला साहेबांची भीती नव्हती, किंवा त्या दिवशी कुणालाच राहिली नव्हती. "ते वर असतात, त्यांचं तरी समजतं," ती म्हणाली. "आम्ही खाली असून पाणी पीत नाही. चाळीस बायकांना तो एक पत्र्याचा संडास, त्याला आतून कडी नाही. सकाळी आलो की घरी जाईपर्यंत दात-ओठ खाऊन दिवस काढतो." तिच्यामागच्या बायकांनी माना डोलावल्या. साहेबांनी हेल्मेट काढलं, परत घातलं. त्यांना कुणावर ओरडावं ते सुचेना.

हे पंचवीस मिनिटांनी बाहेर आले. पांढरेफटक, पण चेहरा असा, की वीस वर्षांचं ओझं उतरवून आलेत. मग आणखी दोनदा जाऊन आले. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं की मीठ-साखरेचं पाणी, जेवण आणि तीन तास विश्रांती याशिवाय हा माणूस शिडीला हात लावणार नाही. डॉक्टर पुन्हा आला. नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पोट या वेळी खरोखरच दाबून बघितलं आणि म्हणाला, "फिट. मला वाटतं, सध्या इथे पोट मोकळं असलेला हा एकच ऑपरेटर आहे."

हे सिमेंटच्या पोत्यांवर बसून पाणी पीत होते. मी शेजारी बसले. चारचौघांत मी त्यांना उतरवलं होतं, आणि ते काय बोलतील याची मला धाकधूक होती.

"रागावलात?" मी विचारलं.

"आधी वाटलं, संपलं," हे म्हणाले. "मग तू 'उतरा' म्हणालीस, आणि काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. बारा दिवस वाट बघत होतो कुणी म्हणेल म्हणून. स्वतःला नाही म्हणवत ते."

मला रडू आलं. मी हेल्मेट पुढे ओढून घेतलं.

अडीच वाजता त्यांनी पट्टा दोन भोकं आत घेतला आणि चढले. तुळई उठली, संथपणे वळली, आणि वरच्या माणसांच्या हातात अशी जाऊन बसली की एकही ओरडा ऐकू आला नाही. खाली टाळ्या वाजल्या. साहेबही वाजवत होते, जरा उशिरानं. शिट्टीनं यंत्रात म्हटलं, "उस्ताद, झकास! पुढचा माल लावू?"

क्षणभर खरखर झाली. मग साठ मीटरवरून, शंभर माणसांना लख्ख ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "अर्धा तास थांब. पुन्हा लागलीय. मी उतरतोय."

कुणी हसलं नाही. शिडीच्या पायथ्याशी, कुणी न सांगता, वाट मोकळी झाली.